दुसऱ्याचे ताट

भोरच्या बाजारपेठेत आणि वेल्ह्याच्या वाटेवरच्या गावागावांत सरकारी धान्याच्या दुकानावर पाटी असते ती 'रास्त भाव दुकान' अशी. पण हा शब्द मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. शिकलेली माणसे 'रेशन' म्हणतात आणि म्हाताऱ्या बायका अजून 'कंट्रोल' म्हणतात. "कंट्रोलात तांदूळ आलाय का वो?" असे एखादी आजी विचारते तेव्हा तिला बिचारीला ठाऊक नसते, की आपण दुसऱ्या महायुद्धातला शब्द उच्चारीत आहोत. त्या काळी कंट्रोल होता तो धान्याच्या भावावर, व्यापाऱ्याच्या कोठारावर आणि माणशी किती मापे मिळायची त्यावर. युद्ध संपले, शेर-पायली गेली, भोरचे संस्थान गेले. शब्द तेवढा राहिला. मात्र अलीकडे मला असे वाटू लागले आहे, की तो नुसता राहिला नाही, त्याचा रोखही बदलला आहे. पूर्वी कंट्रोल दुकानदारावर होता. आता तो पिशवी घेऊन आलेल्या माणसावर असावा, असे पुष्कळ भल्या माणसांना वाटते.

हे मला कळले ते टपरीवरच्या गप्पांतून. पानशेत-वरसगावच्या पाण्याकाठी पुण्याच्या लोकांनी बंगले बांधले आहेत. शनिवारी-रविवारी ही मंडळी येतात, चहाला थांबतात, आणि समोर शाळामास्तर दिसला की समाजाची चिंता करू लागतात. त्यांतले एक गृहस्थ मला म्हणाले, "गुरुजी, ह्या लोकांना धान्य फुकट मिळतं. ते खातात का? विकतात! आणि त्या पैशांतून पोरांच्या हातात पाच रुपयांची ती तिखट कुरकुरीत पुडी देतात. माझ्या करातून हे सगळं चाललंय. सरकारनं सरळ एक कार्ड द्यावं आणि त्या कार्डावर पौष्टिक असेल तेवढंच मिळावं. साखर नाही, पामतेल नाही, बिस्किटं नाहीत." बोलता बोलता त्यांनी बशीतला दुसरा क्रीमरोल उचलला, पण ते मी त्यांच्याविरुद्ध धरीत नाही. माणूस सज्जन होता, आणि त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते.

टाकाऊ नव्हते असे मी म्हणतो, कारण शाळेच्या कुंपणापाशी त्या चकचकीत पुड्यांचे कागद सकाळी गोळा करणे हे माझ्या नोकरीचे एक अलिखित कलमच होऊन बसले आहे. ज्या पोराच्या दंडावर मांस नाही त्याच्या हातात ती पुडी पाहिली, की माझाही जीव चडफडतो. डोंगरातल्या ज्या माणसांनी आयुष्यभर चढ-उतार केला, त्यांच्याही रक्तात आता 'साखर निघते'. तेव्हा ज्याने पैसा दिला त्याने त्या पैशाचे काय होते हे विचारू नये, असे मला म्हणवत नाही. आपल्याकडे म्हणच आहे : ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. टाळीचे एक वेळ समजू शकते. पण पोळी कशाशी खावी, गोड खावी की तिखट खावी, हेही देणाऱ्यानेच ठरवावे काय?

हा प्रश्न जुना आहे, आणि आपल्या महाराष्ट्राने तो एकदा फार चांगल्या रीतीने सोडवलेला होता. मुंबईत १९४३ च्या मे महिन्यात शिधावाटप सुरू झाले. त्या वेळी बंधने आजच्यापेक्षा कितीतरी कडक होती. गहू मिळेल त्या आठवड्यात गहू, तांदूळ मिळेल तेव्हा तांदूळ, आणि तोही वरून जो आला असेल तोच. कोकणातून आलेल्या माणसाला भातावाचून जेवल्यासारखे वाटत नाही, हे पाहायला कुणाला सवड नव्हती. पण कार्ड परळच्या चाळीला होते तसे मलबार हिलच्या बंगल्यालाही होते. भाताच्या आठवणीने उसासा टाकणारा कारकून आणि त्याचा साहेब यांच्या उसाशांत फारसे अंतर नव्हते. लोक कुरकुरले, काळा बाजार झाला. गांधीजींनी तर ही नियंत्रणे माणसाला लबाड बनवतात म्हणून ती उठवावीत असा आग्रह धरला, आणि १९४७ च्या अखेरीस ती उठलीही. भाव भडकले, तेव्हा १९४८ मध्ये ती पुन्हा आली, आणि १९५४ पर्यंत राहिली. या साऱ्या धुमश्चक्रीत एक गोष्ट मात्र कुणी कुणाला म्हटली नाही : 'तुझ्या पिशवीत काय आहे, दाखव.' सगळ्यांच्या पिशवीत तेच होते.

१९६५ सालचेही तसेच. देशात धान्याचा तुटवडा, वर युद्धाचे सावट. लालबहादूर शास्त्रींनी सांगितले, आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडा. आधी आपल्या घरात सोडून पाहिले आणि मग देशाला सांगितले. सोमवारी संध्याकाळी खाणावळींची दारे बंद होऊ लागली. आमच्या आजोबांना सोमवार असाही होताच, त्यामुळे त्यांना त्यात काही विशेष वाटले नाही; पण ज्यांना देवाधर्माचे सोयरसुतक नव्हते अशा मंडळींनीही तो सोमवार केला, आणि पुढे कित्येक वर्षे त्याची गोष्ट ती अभिमानाने सांगत. उपाशी राहिल्याची गोष्ट माणूस अभिमानाने केव्हा सांगतो? कुणी आपल्याला उपाशी ठेवले असेल तेव्हा नाही.

आमच्या डोंगरातल्या जुन्या घरांच्या दारांना दोन कड्या असतात, एक आतून आणि एक बाहेरून. दोन्ही लोखंडाच्या, दोन्ही एकाच लोहाराने केलेल्या. आतून कडी लावून माणूस निर्धास्त झोपतो. तीच बाहेरून लागली, की घराची कोठडी होते. शास्त्रीजींच्या सोमवारची कडी आतली होती. मुंबईच्या शिधावाटपाची निदान अर्धीमुर्धी तरी आतली होती, कारण जे नियम करीत होते तेही त्याच दाराआड होते.

हे दार बदलले ते अगदी अलीकडे. १९९७ च्या जून महिन्यात केंद्र सरकारने गरिबांचे रेशन वेगळे केले, आणि १९९९ च्या महाराष्ट्रदिनापासून आपल्या राज्यात तीन रंगांची कार्डे आली. पिवळे अतिगरिबाचे, केशरी मधल्याचे, पांढरे बऱ्या स्थितीतल्याचे. हेतू चांगला होता. थोडेच धान्य आहे तर ते गरजवंताला जावे, हे कुणीही मान्य करील. पण त्याचा एक परिणाम कुणी मोजला नाही. पांढरे कार्डवाला रांगेतून निघून गेला आणि रांगेकडे बाहेरून पाहू लागला. रांगेत उभा असताना जो म्हणत असे, 'तांदळात खडे फार आहेत,' तोच आता म्हणू लागला, 'ही माणसे एवढ्या तांदळाचे करतात तरी काय?' २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला, माणशी पाच किलो धान्य हा हक्क ठरला. २०२३ च्या जानेवारीपासून ते फुकट झाले. हक्क वाढला तसा पाहणाऱ्यांचा संशयही वाढला, हे मी दोन्ही तालुक्यांत पाहिले आहे.

यात विकण्याचा जो आरोप आहे तो जरा सोलून पाहू. वेल्ह्याकडचा शेतकरी खाचरात इंद्रायणी पिकवतो, आंबेमोहोर पिकवतो. पावसात गुडघाभर चिखलात आवण लावतो. पुण्याचे गृहस्थ गाडी थांबवून त्याच्याकडून तो वासाचा तांदूळ घेऊन जातात आणि मित्रांना मोठ्या कौतुकाने सांगतात, की थेट शेतकऱ्याकडून आणला. आणि शेतकरी? तो रेशनचा तांदूळ शिजवतो. आपला सुवासिक तांदूळ विकून सरकारी जाडा तांदूळ खातो, त्याला कुणी पाप म्हणत नाही. पण त्याच्याच शेजारचा, ज्याला खाचर नाही, तो घरातला उरलेला रेशनचा दोन किलो तांदूळ देऊन मीठ-मिरची-तेल घेतो, तो मात्र चोर! दोघेही तांदूळ विकून संसाराला जे कमी पडते ते आणताहेत. नुसता भात आणि नुसती पोळी कुणाच्या घशाखाली उतरते? कालवणाला कार्ड नाही. (कायद्याने हा व्यवहार बसत नाही हे मला माहीत आहे. मी कायद्याची नव्हे, पापाची गोष्ट बोलतो आहे.)

हीच चौकशी सातासमुद्रापलीकडेही चालू आहे, आणि तेथे तर ती आता कायद्यातच शिरली आहे. अमेरिकेत १९३९ साली गरिबांना अन्नासाठी तिकिटे देण्यास प्रारंभ झाला. नारिंगी तिकिटे पैसे देऊन घ्यायची, त्यांवर हवे ते अन्न मिळे. त्यांच्या जोडीला निळी तिकिटे फुकट मिळत, पण निळ्यावर सरकार सांगेल तेच, म्हणजे शेतकऱ्यांकडे अतोनात पिकून पडलेले, घ्यायचे. १९६४ साली तिकिटांचा कायमचा कायदा झाला तेव्हा दारू आणि तंबाखू वगळली, आणि ते ठीकच झाले. पण गोड सोडावॉटर आणि चैनीचे पदार्थही वगळावेत असा एक मसुदा होता, तो मागे पडला. चैनीचा पदार्थ कोणता हे ठरवायला बसले, की भल्याभल्यांची मती गुंग होते. त्या देशात अजून असा नियम आहे, की सरकारी मदतीवर भाजलेली कोंबडी गरम असेल तर मिळत नाही; तीच थंड झाली की मिळते! २०१० साली न्यूयॉर्क शहराने साखरेच्या पेयांवर बंदी मागितली, ती २०११ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने नाकारली. २०२५ च्या मे महिन्यात मात्र नेब्रास्का राज्याला तशी परवानगी मिळाली आणि तिच्या पाठोपाठ इतर राज्यांनाही. गंमत अशी, की तिथल्या शेतीखात्याने २०१६ साली दुकानांतल्या पावत्या तपासून एक अहवाल काढला होता. मदत घेणाऱ्या घरांची टोपली आणि न घेणाऱ्या घरांची टोपली यांत फारसा फरक निघाला नाही. गोड पेये दोघांच्याही टोपलीत भरपूर होती. दंड मात्र एकाच टोपलीला.

जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने १९३७ साली उत्तर इंग्लंडातल्या बेकार खाणकामगारांवर एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने हेच पाहिले होते, की हाताला काम नसलेल्या, खचलेल्या माणसाला सात्त्विक आणि बेचव अन्न नको असते. त्याला काहीतरी चटकदार हवे असते. हे कळायला विलायतेला जायला नको. आमच्याकडे भात लावून चिंब भिजून आलेल्या बाईला सकस आहार नको असतो. तिला गोड, काळा, उकळलेला चहा हवा असतो. त्या चहाने तिचे काही भले होत नाही, एवढेच की संध्याकाळचा स्वयंपाक तिच्याने होतो.

आता दिवाळीच्या अंकात दिवाळीचीच गोष्ट काढतो. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने रेशनच्या कार्डावर शंभर रुपयांत एक पिशवी दिली. नाव 'आनंदाचा शिधा'. आत रवा, हरभऱ्याची डाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो, आणि पामतेल एक लिटर. पुढच्या दिवाळीला त्यात मैदा आणि पोहे आले. पिशवी कुठे वेळेवर आली, कुठे सण उलटून गेल्यावर. पिशवीवर पुढाऱ्यांच्या तसबिरी होत्या त्या काही मला आवडल्या नाहीत. पण यादी पाहा. आहारशास्त्राच्या चष्म्यातून हिच्याइतकी नापास यादी शोधून सापडायची नाही. आणि तरीही, ही यादी ज्या कुणी केली त्याने ती निदान आपल्या आईला किंवा बायकोला विचारून केली असावी असा मला दाट संशय आहे; कारण ही धान्याची यादी नव्हे, ही फराळाची यादी आहे. रव्याचे लाडू, मैद्याचे शंकरपाळे, पोह्यांचा चिवडा, डाळ दळून शेव. सरकारी कागदावर 'आनंद' हा शब्द मी फार वेळा वाचलेला नाही. इथे तो नुसता छापला नव्हता, त्याला लागणारे तेलही बरोबर दिले होते.

आमच्याकडे एका धनगरवाड्यावर एक आजी आहेत. त्यांना मधुमेह आहे. मुलगा त्यांना दर महिन्याला खाली दवाखान्यात आणतो. त्या दिवाळीत मी वाड्यावर गेलो तर आजी परातीत रवा भाजून पाक करायला बसलेल्या. मी आपल्या मास्तरकीला जागून म्हटले, "आजी, तुम्हाला साखर आहे ना? डॉक्टरांनी गोड बंद सांगितलंय."

"मला हाय, गुरुजी," आजी हात न थांबवता म्हणाल्या, "नातवाला न्हाई. आन् दिवाळीला लेक माहेरी येती, ती काय माज्या गोळ्या खायला येती?"

या उत्तरातला विचार मला टपरीवरच्या विचाराहून पक्का वाटतो. आजींना साखरेचे दुष्परिणाम ठाऊक होते, माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. पण घरात लेक आली की तिच्या हातावर काय ठेवायचे हा प्रश्न पोषणाचा नाही. पिशवीतली ती साखर वगळणाऱ्या माणसाला तिच्या आरोग्याची काळजी आहे हे खरे असेल. पण त्याला तिचे घर दिसलेले नाही. (२०२५ साली हा शिधा आला नाही, तिजोरीत पैसा नव्हता. आरोग्यासाठी बंद केला असे कुणी म्हटले नाही, हे नशीब.)

यावर कुणी म्हणेल, मग देणाऱ्याने काहीच ठरवायचे नाही काय? ते शक्यच नाही. कशाची तरी पिशवी भरायची म्हणजे कशाची तरी रिकामी ठेवायचीच. सरकार पहिल्यापासून ठरवीतच आले आहे, आणि आमच्या डोंगराचे त्यात काय झाले ते सांगण्यासारखे आहे. वेल्ह्याच्या वरकस जमिनीवर नाचणी होते, वरई होते. आमच्या आज्यांच्या घरी पोळी सणाला होई. रोज नाचणीची भाकरी. रेशनच्या पिशवीतून वर्षानुवर्षे आले ते गहू आणि तांदूळ. कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने द्यायची तरतूद २०१३ पासून होती; ते काही आमच्या वाडीपर्यंत चढून आले नाही. फुकटचा गहू घरात असताना उतारावर नाचणी कोण लावील? पोरांना पोळीची सवय झाली आणि काळी भाकरी डब्यात आणायची लाज वाटू लागली. मग २०२३ साली जगाने भरडधान्यांचे वर्ष साजरे केले, पुण्याच्या दुकानांत नाचणीची बिस्किटे सुंदर खोक्यांतून आली, आणि आता टपरीवरचे गृहस्थ मला सांगतात, की ह्या लोकांनी नाचणी खायला हवी! कुणी बंदी घातली नव्हती. पण जे दिले नाही तेही हळूहळू ताटातून जाते. म्हणून देणाऱ्याच्या यादीला मी फार जपून हात लावा म्हणतो. ती यादी माणसाची जीभ घडवते.

आणि जिभेला ते लक्षात राहते. आईचे माहेर पुरंदरच्या कोरड्या बाजूला. १९७२ च्या दुष्काळात तिने खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. त्या मिलोने पुष्कळ माणसे जगली, यात शंका नाही. पण आई त्या भाकरीविषयी बोलते ते असे, की जणू कुणी तिचा अपमान केला होता. "ते जनावराचं खाणं होतं," एवढेच म्हणते. उपकार आठवत नाहीत म्हणून मी तिला कृतघ्न म्हणू काय?

मुलांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथे मी टपरीवरच्या गृहस्थांच्या बाजूला थोडा सरकतो. शाळेत आम्ही ताट ठरवतोच. सुरुवातीला पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीत घालून घरी देत असत. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला, आणि खिचडी आली. सहा वर्षांच्या पोराला 'तुला काय हवे ते घे' म्हणणे हे स्वातंत्र्य नव्हे, ते हात झटकणे आहे. त्याच्यासाठी मोठ्यांनी ठरवावे, आणि चांगले ठरवावे.

पण मोठ्यांनी काय केले? २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने शाळेत आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले; जे मूल खात नसेल त्याला केळे. तामिळनाडूत कित्येक वर्षे असे अंडे दिले जाते. ज्याला हवे त्याने घ्यावे, ज्याला नको त्याने केळे घ्यावे, यात भांडण कसले? दोन-अडीच महिन्यांत नियम आला, की ४० टक्के पालकांचा विरोध असेल तर त्या शाळेत कुणालाच अंडे नाही. आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने सांगितले, की अंड्याला आणि खिरीच्या साखरेला वेगळा पैसा मिळणार नाही. शाळेने लोकसहभागातून काय ते जमवावे. आमच्यासारख्या गावात लोकसहभाग म्हणजे ज्यांच्या पोरांना अंड्याची गरज आहे त्यांनीच वर्गणी काढायची! अंड्याच्या दिवशी आमचा पट भरलेला असे. कातकरी वस्तीवरची जी दोन भावंडे एरवी आठवड्यातून तीन दिवस दिसत, ती त्या दिवशी न चुकता येत आणि अंडे आधी दोन्ही हातांत धरून त्याची ऊब घेत बसत. ते अंडे काढले ते काही त्यांच्या प्रकृतीसाठी नव्हे. शंभरांतल्या साठांच्या पोरांचे ताट चाळीसांच्या सोवळ्याने उचलले. पौष्टिकतेचा झेंडा घेऊन जो ताटात हात घालू लागतो, तो उद्या सोवळ्याचा झेंडा घेऊनही घालील. हात तोच असतो, आणि ज्याचे ताट आहे त्याला तो ओळखू येतो.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गावातले दारूचे दुकान बंद करायचे असेल तर बायकांचे मतदान होते. चिठ्ठीवर एक उभी बाटली आणि एक आडवी. निम्म्याहून अधिक मतदार बायकांनी आडवीला मत दिले की दुकान बंद. ही बंदीच आहे, आणि चांगली कडक बंदी आहे. पण ती मागणाऱ्या बाईच्या घरात दारू येते, तिच्या पाठीवर तिचे वळ उठतात. तिने आपल्या दाराला आतून कडी घातली. तिला कुणी पुण्याहून येऊन 'तुम्ही लोक दारू फार पिता' असे सांगितले नव्हते.

मी धान्याऐवजी रोख पैसे द्यावेत या मताचा नाही तो एवढ्याचसाठी. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०२३ पासून माणशी दरमहा दीडशे रुपये देऊ लागले. तर्काने पाहिले तर माझ्या साऱ्या म्हणण्याला रोख रक्कम हेच उत्तर आहे : पैसे द्या, निवड ज्याची त्याला करू द्या. पण आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, ती म्हणते, धान्यच बरे. पैसा हातात आला की तो कुणाच्या खिशात जाईल आणि संध्याकाळी कुठे उतरेल हे तिला माहीत असते. तांदूळ डोक्यावरून घरी येतो आणि कणगीत पडतो; तो विकायचा तर निदान तिच्या देखत पोते उचलावे लागते. धान्य हेही बंधनच. पण ते तिने स्वतः पसंत केलेले बंधन आहे. मग टपरीवरचे गृहस्थ म्हणतील, 'बघा, बंधन हवे हे तुम्हीच कबूल केले.' केले. फक्त ते कुणाला विचारून घातले, एवढाच माझा झगडा आहे. आणि हा झगडा दिसतो तेवढा लहान नाही.

अर्थात विचारायचे तरी कुणाला आणि कसे, यालाही सोपे उत्तर नाही. गेल्या पावसाळ्यात नसरापूरच्या फाट्यावर एस.टी. खोळंबली होती, पाच-सहा बाया रेशनची पोती घेऊन बसल्या होत्या. मला दुसरा उद्योग नव्हता. मी विचारले, "वहिनी, समजा सरकारनं म्हटलं, गहू थोडा कमी करतो, त्याबदल्यात एक वस्तू सांगा. काय सांगाल?"

पहिलीने तेल सांगितले. दुसरी म्हणाली तूरडाळ, पण पॉलिशची नको. एका म्हाताऱ्या मावशींनी चहाची पूड आणि गूळ अशा दोन वस्तू मागितल्या आणि एकच सांगायची म्हटल्यावर रागावल्या. नाचणीचे नाव एकीने काढले, तेही सुनेला बाळंतपणाला हवी म्हणून. मग कोपऱ्यात बसलेली, तोवर गप्प असलेली एक बाई म्हणाली, "सुकट द्या म्हणावं."

"रेशनात सुकट?" तिच्या शेजारणीने नाक मुरडले. "आमच्यात माळकरी हायेत. गव्हाला वास लागंल."

"तुज्या गव्हाला लागंल. मी माजं येगळं बांधून नेईन."

"आन् दुकानात येकाच काट्यावर मोजणार ना?"

"मग काटा धुवायला सांग त्याला!"

यावर बाकीच्यांनीही तोंड घातले. सुकट वेगळ्या दिवशी द्यावी, असे एकीने सुचवले. माळकऱ्याला तिच्याऐवजी शेंगदाणे द्यावेत, असे दुसरीने. शेंगदाणे सगळ्यांनाच द्या की, असे मावशींनी. वेल्ह्याची गाडी आली तेव्हा काट्याचा प्रश्न सुटायचा होता. पोती चढवता चढवताही त्या दोघींचे चालूच होते, आणि कंडक्टर ओरडला तरी त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही.